पाय लागल्यावरचा नमस्कार

ऑकलंडच्या पेनरोज भागात कुरिअरचा डेपो आणि फरश्यांचं गोदाम यांच्या मधे एक दुमजली इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर आम्ही मोजके डॉक्टर काही शनिवार पायांच्या फुगलेल्या शिरांवर उपचार करायला शिकत होतो. 'भाषणं कमी, हाताने काम जास्त' असं त्या प्रशिक्षणाच्या माहितीत लिहिलं होतं. ते खरं निघालं. जे काही बिघडलं ते हातांनीच बिघडलं.

शिकवणारे सर उंच, गोरे, पांढऱ्या केसांचे. जन्मभर शिरा पाहिल्यामुळे नव्या माणसाची ओळख करून घेताना ते आधी पोटऱ्या बघायचे, मग चेहरा. शनिवार म्हणून हाफपँट आणि जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता, अशा वेषात यायचे आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटायचं नाही. मी पन्नाशीच्या पुढची. माउंट वेलिंग्टनच्या दवाखान्यात फॅमिली डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षं लोकांना 'पाय वर ठेवून बसा, घट्ट मोजे घाला' एवढंच सांगत आले होते. लोक पाय वर ठेवत नव्हते, मोजे घालत नव्हते आणि पुढच्या खेपेला तेच पाय घेऊन परत येत होते. त्याचा मला वीट आला होता.

पहिल्या दिवशी जेलीच्या ठोकळ्यात पुरलेल्या नळीत सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत सुई घालायची होती. निर्जंतुक हातमोजे चढवून मी चाकांच्या स्टुलावर बसले. सरकताना माझा पाय सरांच्या जँडलला लागला. माझा हात खाली गेला, त्यांच्या पावलाला टेकला आणि तिथून माझ्या छातीशी आला. मला विचारायला तो थांबला नाही.

"हातमोजे बदला," सर म्हणाले.

बदलले. थोड्या वेळाने मशीनच्या चाकाला पाय लागला. पुन्हा तेच.

"मशीनलासुद्धा?" सरांनी विचारलं.

"आम्ही वर्षातून एकदा यंत्रांची पूजा करतो," मी म्हणाले. पूजा त्यांना पटल्यासारखी दिसली. हातमोजे मात्र परत बदलायला लागले.

हातमोजे काढून देणारी नर्स माओरी होती. सगळ्यांना हसून 'किया ओरा' म्हणायची आणि त्यानंतर कुणाचीही गय करायची नाही. निळ्या चादरीने झाकलेली निर्जंतुक सामानाची ट्रॉली हे तिचं राज्य होतं. तिने मला नवी जोडी दिली आणि पुढची आधीच काढून हाताशी ठेवली. तिचा अंदाज बरोबर होता.

आता हे वळण मला माहेरीच लागलेलं. दप्तर, वर्तमानपत्र, केरसुणी, माणूस, ज्याला पाय लागेल त्याला नमस्कार. पण त्यावर शेवटचा हात फिरवला तो माझ्या सासूबाईंनी. त्या पुण्यात मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर, सासरे गेल्यावर, आमच्याकडे फ्लॅट बुश या उपनगरात राहायला आल्या. ऑकलंडच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी सामानाच्या ट्रॉलीला नमस्कार केला, कारण ती त्यांच्या पायावर आदळली होती. चूक ट्रॉलीची होती. शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही त्या करतात. तो आता त्यांच्या पायाशी मुद्दाम येऊन बसतो.

सुनेला पाय लागला तर मात्र नमस्कार नसतो. सून वयाने लहान आणि नात्याने त्याहून लहान. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण गाडीत, सोफ्यावर, पूजेच्या पाटावर त्यांचा पाय मला पुष्कळदा लागला आणि त्यांचा हात जागचा हलला नाही. याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझ्या लक्षात होतं, एवढंच.

प्रशिक्षण सुरू व्हायच्या काही महिने आधी सासूबाई भर उन्हाळ्यात मोजे घालायला लागल्या. साडीखाली काळे मोजे. जवळच्या बागेत सकाळी फिरायला जाणं बंद केलं. तिथल्या बाकावर मराठी, गुजराती, पंजाबी अशा सगळ्या आज्या जमायच्या, आणि बाकावर कुणी कुठे बसायचं हे सासूबाई ठरवायच्या. आता त्याच सासूबाई रोज दार उघडून बाहेर बघायच्या आणि परत आत येऊन बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "गुडघा धरलाय."

मी डॉक्टर असले तरी गुडघ्यावर विश्वास ठेवला. मग एकदा धुवायच्या कपड्यांत मोज्यावर तपकिरी डाग दिसला. मी त्यांच्या खोलीत गेले, खाली बसले आणि मोजा उतरवला. आत जुन्या सुती साडीची पट्टी, तिच्या आत घोट्याच्या वर विड्याच्या पानाएवढी जखम. आजूबाजूची कातडी काळवंडलेली, वर पोटरीवर शीर करंगळीएवढी फुगलेली. हे दुखणं काही आठवड्यांचं नव्हतं.

"वास येतो गं त्याला," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "चारचौघींत कशी बसू?"

अख्ख्या शाळेला घंटेशिवाय गप्प करणारी ही बाई. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

पण हळहळून जखम भरत नाही. वरच्या शिरेत रक्त उलटं उतरत होतं. ती शीर बंद केल्याशिवाय वरून कितीही मलम लावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. घरच्या माणसांवर आपण उपचार करू नयेत असा इथे डॉक्टरांना दंडक आहे, आणि दंडक नसता तरी पिकतं तिथे विकत नाही. हॉस्पिटलच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं. बऱ्याच दिवसांनी बोलावणं आलं तेव्हा सासूबाईंनी स्वतः फोन करून, निर्दोष इंग्रजीत, ते रद्द केलं. नवऱ्याने समजावलं, रागावून पाहिलं. मुलाचं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

आणि मग सरांनी सांगितलं की शेवटच्या शनिवारी खऱ्या पेशंटवर काम करायचं आहे, कुणी तयार असेल तर आणा, उपचार तुमच्यापैकी दुसरा कुणीतरी माझ्या देखरेखीखाली करेल. मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं.

"मला उपचार नकोत," त्या म्हणाल्या.

"उपचार काय, आई, वर्ग आहे तो. डॉक्टरांना शिकायला पाय हवेत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विद्यार्थी किती?"

मी आकडा सांगितला.

"तुकडी लहान आहे," त्या म्हणाल्या. "शिक्षणासाठी असेल तर येईन."

त्यानंतर त्यांनी स्वतःहून मनावर घेतलं. मला सरावासाठी जेली लागते हे कळल्यावर चायना ग्रास आणायला लावलं आणि एका डब्यात, मधे रबरी नळी घालून, असा ठोकळा लावून दिला की सुरी लावली तरी कड ढासळत नव्हती. मी ओट्यावर त्यात सुया घालत बसायची आणि त्या शेजारी उभ्या राहून 'हात सैल सोड' म्हणायच्या. माझी मुलगी फ्रीज उघडायला आली, डब्याकडे बघून म्हणाली, "आजी, दॅट्स सो वियर्ड."

"विज्ञान आहे ते," आजी म्हणाली.

सरांनी आधी एकदा त्यांना तपासलं. पायाच्या धमन्या चांगल्या आहेत ना, शीर कुठे बिघडली आहे, ती बंद करून फायदा होईल ना, सगळं पाहिलं आणि हो म्हणाले. तो शनिवार उजाडला. सासूबाई इस्त्रीची साडी नेसल्या. पेनरोजला पोचल्यावर साडी काढून हॉस्पिटलचा झगा घालायला सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही अट मी लपवून ठेवली होती. तसं ते खरंच होतं.

त्यांच्यावर काम करणार होता तो साउथलंडहून, देशाच्या अगदी खालच्या टोकाहून आलेला डॉक्टर. वयाने तरुण, अंगाने आडवा, मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेला, हात मात्र सोनाराचे. टेबलावर चढायच्या आधी सासूबाईंनी दक्षिण कुठे आहे ते विचारलं. त्याला फार आनंद झाला. त्याने टेबलाच्या पायथ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, तिकडेच, आमचं घर तिकडेच आहे.

दक्षिणेला पाय करून आपल्यात झोपत नाहीत. ती यमाची दिशा. त्याच्या घराबद्दल हे सांगणं बरं दिसेना, म्हणून मी एवढंच सांगितलं की टेबल जरा फिरवता येईल का. सर म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे काहीच हरकत नाही, आणि सगळ्यांनी मिळून टेबल, दिवा, मशीन फिरवलं. सुरुवात व्हायला अजून अवकाश होता. नमनालाच घडाभर तेल गेलं.

मग त्या डॉक्टरने पायाखाली द्यायला एक उशी उचलली. नर्सने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही डोक्याची आहे," ती म्हणाली. "डोक्याची पायाखाली नाही जात." आणि वेगळ्या रंगाची दुसरी आणून दिली.

हे इथल्या माओरी लोकांत फार पाळतात. सासूबाईंनी डोकं उचलून तिच्याकडे नीट पाहिलं. "ही मुलगी घरात वाढलेली आहे," त्या मला मराठीत म्हणाल्या. शिरा शिकायला आलेले आम्ही सगळे बहुधा गोठ्यात वाढलेलो होतो.

जखमेवर पट्टी झाकली, पाय औषधाने धुतला, निळी निर्जंतुक चादर पसरली. गुडघा वाकवून पाय बाहेरच्या बाजूला सैल सोडायचा होता. सोडला, तशी टाच त्या डॉक्टरच्या पोटाला लागली. सासूबाईंचा उजवा हात चादरीखालून निघाला, त्याच्या कोपराला लागला आणि त्यांच्या छातीशी गेला. चादर अर्धी खाली.

"चादर बदला," नर्स म्हणाली. डॉक्टरने अंगातला झगाही बदलला.

मी सासूबाईंना समजावलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा पाय धुणं, पुन्हा चादर. या वेळी सुई शिरेत घालायची तयारी झाली होती, लेझरची बारीक तार पाकिटातून बाहेर निघाली होती. डॉक्टर जरा पुढे वाकला, त्याच्या पोटाला टाच लागली आणि हात पुन्हा निघाला. या खेपेला तो सरळ तारेवरून गेला.

खाली डेपोत एक ट्रक मागे येत होता, त्याचं पीं पीं तेवढं ऐकू येत होतं. नर्सने तार उचलून कचऱ्यात टाकली.

"आता एकच राहिलीय," ती म्हणाली.

सर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की बाई घाबरल्या असतील, आज राहू दे, हॉस्पिटलच्या यादीत नाव घालता येईल पुन्हा. ते चांगल्या मनानेच बोलत होते. पण मला पुढचं सगळं दिसत होतं. यादी, फोन, ते निर्दोष इंग्रजी, काळे मोजे, आणि दारात उभं राहून परत आत येणं. आज या टेबलावरून त्या तशाच उतरल्या तर पुन्हा कुठल्याही टेबलावर चढणार नव्हत्या.

मला रागाने काही सुचेना. मी त्यांच्या उशाशी गेले.

"आई, हात आवरा ना! जन्मभर पोरींना हाताची घडी, तोंडावर बोट करायला लावलंत, आणि तुम्हाला स्वतःला—"

"मुद्दाम करते का मी?" त्या म्हणाल्या. "पाय लागतो गं त्याला."

"लागू दे. त्याचं काही म्हणणं नाही."

"त्याचं नसेल." त्या छताकडे बघत होत्या. मग परत तोच बारीक आवाज आला. "धड पाय असता तर एक वेळ मन आवरलं असतं. असला पाय लागतोय त्या पोराला."

माझा राग जिथल्या तिथे ओसरला. एवढा वेळ मी या सगळ्याला सवय समजत होते. पहिल्यांदा ती सवयच होती. दुसऱ्यांदा ती बाई त्या डॉक्टरची माफी मागत होती, आपल्या पायाबद्दल, आणि आम्ही तिला मागू देत नव्हतो.

काय करावं ते समजायला मला डॉक्टरकीचा काही उपयोग झाला नाही. लग्नानंतरचा पहिला सत्यनारायण उपयोगी पडला. नवरा पूजा करत होता आणि सासूबाईंनी मला मागून टोचून सांगितलं होतं, 'त्याच्या हाताला हात लाव, म्हणजे दोघांनी केल्यासारखं होतं.'

"आई," मी म्हणाले, "तुम्ही माझ्या हाताला हात लावून ठेवा. पाय लागला की नमस्कार मी करते. दोघींचा होईल."

त्यांनी यावर विचार केला. रजेचा अर्ज आल्यावर करत असतील तसा, घाई न करता.

"करणाऱ्याची आंघोळ झालेली असावी लागते."

"झालीये."

"पण त्याच्यापर्यंत तुझा हात पोचायचा नाही."

"लांबून करीन."

"लांबून चालतं," त्या म्हणाल्या. "देवळात गर्दी असली की करतोच."

नर्सने विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. सगळं, पाय, माफी, सत्यनारायण, थोडक्यात. तिने सरांना काही विचारलं नाही. शेवटचं पाकीट उघडलं आणि म्हणाली, "उशीच्या वेळीच कळलं होतं मला, इथे कुणीतरी शहाणं आहे."

मग मी टेबलाच्या उशाशी, चादरीपासून दूर उभी राहिले. सासूबाईंचा डावा हात मी घट्ट धरला. उजव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. साउथलंडच्या डॉक्टरने सुई घातली, तार सरकवली, शिरेच्या कडेकडेने भुलीचं औषध भरलं. मधूनमधून टाच त्याच्या पोटाला लागायची. त्यांची बोटं माझ्या मनगटावर आवळायची. मी त्याच्या दिशेने हात पुढे करायचे आणि आमचे दोन हात एकदम माझ्या छातीशी यायचे. बोटं सैल पडायची. बाकीचे डॉक्टर पडद्याकडे बघत होते, कारण ते शिकायला आले होते. मी शिकायला येऊनही पडद्यावर काय दिसलं ते मला आज सांगता येणार नाही. मी टाचेवर नजर ठेवून होते.

शीर बंद झाली. पट्ट्या बांधून झाल्यावर सासूबाईंनी त्या डॉक्टरला जवळ बोलावलं. "युअर हँड इज स्टेडी," त्या म्हणाल्या. "डोंट बी प्राउड." तो आडवा माणूस लाल झाला आणि 'येस, मिस' म्हणाला. इतकी वर्षं निवृत्त होऊनही त्यांना ते ऐकून बरं वाटलं असणार.

पुढचे काही आठवडे घट्ट पट्ट्या, पाय वर ठेवणं, रोज थोडं घरातल्या घरात चालणं. पाय वर ठेवून बसायचं तर देवाकडे नको, पाहुण्यांकडे नको, टीव्हीवर कीर्तन असेल तर तिकडेही नको. शेवटी स्टूल धुलाईयंत्राच्या दिशेने ठेवलं. पट्ट्या बदलायला हॉस्पिटलची एक नर्स घरी यायची आणि मी मागून डोकावायची. जखम विड्याच्या पानाची सुपारी झाली, सुपारीची मुगाच्या डाळीएवढी झाली. मग एके दिवशी तिथे नुसती गुलाबी, पातळ कातडी होती. सासूबाईंनी तिच्यावरून एक बोट फिरवलं आणि ते नाकाजवळ नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "बागेत जाते," म्हणाल्या. "बाकावर काय गोंधळ घातलाय कोण जाणे."

बाहेर जायचं तर घट्ट मोजा हवा. ते मोजे चढवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबणं. मी जमिनीवर बसले, त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि मोजा ओढायला लागले. तो घोट्याशी अडला. मी जोर केला, त्यांनी जोर केला, आणि त्यांची टाच सटकून माझ्या छातीवर बसली. चांगलीच बसली.

मी मोजा सोडला नाही. त्या पुढे वाकल्या. मला वाटलं, तोल जातोय, म्हणून मी त्यांचा गुडघा धरला. त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला आणि तिथून त्यांच्या स्वतःच्या छातीशी गेला.

मी वर बघितलं. त्या दाराकडे बघत होत्या. मी मोजा घोट्यावरून वर ओढला.

"सुरकुती राहू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "टोचते."

मी सुरकुती काढली.